शंखनाद, डहाणू रोड

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी ६.१०

नवी वही, नवा संकल्प. निवृत्त होऊन सात महिने झाले. चौतीस वर्षं डहाणू रोडच्या पार्सल ऑफिसात बसून लोकांचा चिकू वेळेवर रवाना केला. आता विचार रवाना करायचे. माझा स्वतःचा व्हिडिओ शो. नाव ‘शंखनाद डहाणू’. विषय परंपरा, कुटुंब, राष्ट्र. समाज भरकटलाय हे सगळ्यांनाच दिसतंय, पण बोलायला कुणाला सवड नाही. मला आहे.

रोज पाचला उठणे. चहा एकदाच. बीपीची गोळी न चुकता. (आज सहाला उठलो, पण काल एकतीस तारीख होती.)

सकाळी ७.४०

वासंतीला सांगितलं. पुढेमागे कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर सोय म्हणून नोंद: वासंती माझी धाकटी बहीण. वय सेहेचाळीस. अविवाहित. घोलवडच्या एका नर्सरीत चिकूच्या कलमांवर देखरेख करते. माझी बायको गेल्यापासून घर तीच बघते. त्याआधीही तीच बघायची.

तव्यावरची पोळी उलटत तिने विचारलं, बघणार कोण. म्हटलं, तालुका बघेल. निवडणुका आल्या की दोन्ही बाजूंना माझ्याकडे यावं लागेल. ती बरं म्हणाली. फोन ती धरणार, बाकी तांत्रिक बाजूही तिची. तिला सहसंपादक केलं आहे. तिने एकच अट घातली: मला काही सांगायचं असेल तेव्हा दादा, तू ऐकायचंस. लगेच मान्य केली. असल्या अटी मान्य करायला काही लागत नाही.

४ जानेवारी, रविवार. दुपारी १२

पहिला एपिसोड झाला. मागे आई-बाबांचे फोटो, पुढे मी, हातात बाबांचा शंख. शंखाने सुरुवात करायची ही माझी कल्पना. अर्धा तास फुंकलं. आवाज आला नाही. आत कचरा असावा. वासंतीने शंख नळाखाली धुतला आणि सहज म्हणून फुंकला. शेजारच्या निर्मलाताई हातातला झाडू घेऊन बाहेर आल्या, एवढा आवाज.

तोडगा काढला. तिने फुंकलेला आवाज तिच्या फोनवर घेऊन ठेवला. मी शंख ओठांना लावायचा, ती आवाज सोडणार. यात खोटं काही नाही. घराणं एकच.

विषय: कुटुंब टिकलं तर राष्ट्र टिकेल. घराचा खांब पुरुष असतो, असं अकरा मिनिटं ठणकावून सांगितलं. मध्ये गॅसवरचा कुकर झाला, तो उतरवायला वासंती उठली, त्यामुळे दीड मिनिट फक्त माझा गुडघा दिसतो.

६ जानेवारी, मंगळवार

एकोणीस जणांनी बघितला. त्यातले चौदा मी. पण एक कॉमेंट आली. नाव ‘खरा डहाणूकर’. लिहितो: दादा, मुद्दा पोचला. पुढच्या वेळी कॉलर आत दुमडली जाणार नाही तेवढं बघा. आणि सलग बोलताना धाप लागते, मधे पाणी प्या.

सरकारी खात्यातला निवृत्त अधिकारी असणार. नजर तशी आहे. सविस्तर उत्तर लिहिलं: आपल्यासारख्या जाणकारांमुळेच हा यज्ञ पेटला आहे. वासंतीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, आणि भांडी घासायला गेली.

११ जानेवारी, रविवार

दुसरा एपिसोड. लाईट धरायला वासंतीने दिपकला बोलावलं. नर्सरीचा टेम्पो चालवतो, कलमं बांधण्यात हात बसलेला. तलासरीजवळच्या पाड्यावरचा वारली माणूस, वय पन्नास. बायको जाऊन आठ वर्षं झाली. बोलतो कमी. पूर्ण एपिसोडभर कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता, एकही प्रश्न नाही. माझ्या विचारांनी भारावलेला दिसतो. असा एक कार्यकर्ता मिळाला तरी चळवळ उभी राहते.

विषय: परदेशी फळांचं खूळ आणि आपल्या मातीतला चिकू. रंगात आलो होतो. चिकू हा आपल्या पूर्वजांचा ठेवा, हजारो वर्षांचा, असं म्हटलं. तर फोनच्या मागून वासंतीचा आवाज. चिकू बाहेरून आलाय दादा, समुद्रापलीकडून. इथे येऊन सव्वाशे वर्षंच झाली असतील. आपण तो खिरणीच्या रोपावर बांधतो. मूळ इथलं, म्हणून वर तो टिकतो.

दिपकने मान डोलावली. लाईटही हलला.

हा भाग काप म्हटलं. तिने अटीची आठवण दिली. ठेवावा लागला. ज्या गोष्टीची चौतीस वर्षं मी रवानगी केली ती मला शिकवतात.

१३ जानेवारी, मंगळवार

खरा डहाणूकर: ताईंचं बरोबर आहे.

या गृहस्थांबद्दलचं माझं मत थोडं खाली आलं आहे.

२१ जानेवारी, बुधवार

शोचा परिणाम घरात दिसू लागला. वासंतीने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. तूरडाळ. मूगडाळ. मीठ (एक चमचा, सपाट). औषधांच्या डब्यात सकाळ आणि संध्याकाळ असे दोन खण. मला जवळ उभं करून खिचडी करायला लावली, वॉशिंग मशीनचं कुठलं बटण आधी तेही लिहून ठेवलं. शिस्त! मागच्या एपिसोडात घरातल्या व्यवस्थेवर मी जे बोललो, ते हिने मनावर घेतलेलं दिसतंय.

खिचडी जरा लागली. भांडं पातळ आहे.

३१ जानेवारी, शनिवार

काहीतरी शिजतंय. डब्यांमध्ये नव्हे, एकूणच.

गेले तीन बुधवार वासंती दिवेलागण झाल्यावर घरी येते. विचारलं तर नर्सरीत काम असतं म्हणते. आज सहज घोलवडला गेलो. जुने पार्सलवाले भेटले, बरं वाटलं. तसाच नर्सरीत डोकावलो. मालक म्हणाले, वासंतीताई बुधवारी अर्धा दिवसच असतात, दुपारी टेम्पोबरोबर तलासरीला जातात.

 मग लक्षात आलं: ती शोसाठी खेड्यांतून लोक शोधत असणार. सहसंपादकाचं कामच आहे ते. मला सरप्राईज द्यायचं असेल.

आज गोळी दोनदा घेतली गेली.

१ फेब्रुवारी, रविवार

वासंती म्हणाली, दादा, एपिसोड राहू दे आज, मला काही सांगायचंय. म्हटलं, जरूर, पण विषय तयार आहे, प्रेक्षक थांबत नाहीत. एपिसोड केला. नंतर डोकं दुखतंय म्हणून पडलो. खरंच दुखत होतं.

८ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा तेच. म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की. पुढच्या रविवारी महाशिवरात्र आहे, उपासाच्या दिवशी गंभीर बोलणं बरं नव्हे. तेही तिला आत्ताच सांगून ठेवलं.

 ती बोलली नाही की मला घरातल्या पंख्याचा आवाज ऐकू येतो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

परवाच्या एपिसोडचा विषय होता मुलींची लग्नं का लांबतात. माझं म्हणणं असं की अपेक्षा वाढल्या. त्यावर खऱ्या डहाणूकराची कॉमेंट: काही जणींची लांबली नाहीत दादा, लांबवली गेली.

 ह्या माणसाला काय माहीत आहे? कोण आहे हा? आमच्या घरात कुणाचे कान आहेत?

इथे एकदाचं लिहून टाकतो म्हणजे विषय मिटेल. वासंतीला चार स्थळं आली होती. चिखल्याचा मुलगा चांगला होता, पण चहा पिताना आवाज करायचा. पालघरचा मास्तर, त्याची नोकरी कायम नव्हती. नंतर कायम झाली, पण ते आधी कसं कळणार. वापीचा तिला लांब घेऊन गेला असता. चौथा आला त्या वर्षी आई अंथरुणावर होती, आणि मग बायको. प्रत्येक वेळी निर्णय मीच घेतला, कारण बाबांच्या मागे जबाबदारी माझी. वासंतीने एकदाही तक्रार केली नाही. म्हणजे तिला पटलेलंच होतं.

विषय मिटला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

नाही मिटला. झोप लागत नाही नीट. वासंती हल्ली गुणगुणते. कपाटात एक नवी साडी आहे, पिवळी, घडी मोडलेली नाही. दिपक रविवारी ताडगोळे घेऊन आला होता. त्याने न सांगता मोरीचा गळका नळ बसवून दिला. हा नळ सहा महिने माझ्या यादीत होता.

माझ्या भारावलेल्या कार्यकर्त्याने माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघून विचारलं, पाणी थांबलं का.

संशय हा कमजोर माणसाचा स्वभाव. मी कमजोर नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

पन्नास सबस्क्रायबर पूर्ण! त्रेपन्न. आता मोबाईलवरून लाईव्ह जाता येतं. तलासरी भागात जाऊन लाईव्ह करायचं ठरवलं. विषय: खरी परंपरा खेड्यात. शहरात दोन खुळं माजली आहेत, बायकांनी लग्नं लावायची आणि लग्नाआधी एकत्र राहायचं. दोन्ही परदेशी. एखाद्या जुन्या जाणत्या माणसाच्या तोंडून त्यांना उत्तर द्यायचं, म्हणजे विषयच संपला.

दिपकला म्हटलं, तुमच्या पाड्यावर अस्सल परंपरा जाणणारं कुणी आहे का. तो घुटमळला. वासंती म्हणाली, दिपकच्या आत्या आहेत ना, सुकीआत्या. दादाला घेऊन जाऊ या त्यांच्याकडे. दिपक तिच्याकडे बघतच राहिला. ती म्हणाली, तिथे दादाला ऐकावंच लागेल.

प्रेक्षकांना, असं म्हणायचं असेल तिला.

१ मार्च, रविवार. संध्याकाळी ६.३०

घडलं ते तटस्थपणे नोंदवतो.

सकाळी अकराला लाईव्ह सुरू झालं. सुकीआत्याचं अंगण, मागे कुडाची भिंत, वय सत्तरीच्या पुढे, डोळे लख्ख. फोन वासंतीच्या हातात, तो माझा. तिच्या फोनवरून शंखाचा आवाज सुटला. आत्याने विचारलं, हा वाजवतो कोण. मी विषयाकडे वळलो.

पहिला प्रश्न: आत्या, हल्ली शहरात बायका लग्नं लावतात, आपल्या परंपरेत असं कधी होतं का? आत्या म्हणाली, लग्न तर मीच लावते. आमच्यात लग्न बाईच लावते, तिला धवलेरी म्हणतात, गाणी म्हणत लावते. माझ्या आधी माझी सासू लावायची. पुरुषांनी मांडव घालायचा.

मी म्हटलं, ते वेगळं. दुसरा प्रश्न: लग्नाआधी एकत्र राहण्याचं हे नवं फॅड? आत्याला हसू आलं. तिचं स्वतःचं लग्न तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नाच्याच मांडवात लागलं. आधी घर केलं, पोरं झाली. सगळ्या पाड्याला जेवण घालण्याइतका भात पिकला, त्या वर्षी मायलेकी दोघींना हळद लागली. पूर्वीपासून असंच, म्हणाली.

विषय आवरता घ्यावा म्हणून मी विचारलं, पुढचं लग्न कुणाचं लावताय. हा माझा प्रश्न. मीच विचारला. आत्याने फोनकडे, म्हणजे फोनच्या मागे बोट दाखवलं.

‘‘होळी झाली का हिचं लगीन लावायचंय. आमच्या दिपकशी. तांदूळ निवडून ठेवलेत.’’

मी उठलो. वासंतीच्या हातातून फोन घेतला, लाल बटण दाबून लाईव्ह बंद केलं आणि फोन शर्टाच्या खिशात टाकला. टेम्पोत बसलो. परतीच्या वाटेवर तिघे पुढेच होतो, दिपक चालवत होता. मी शांतपणे पण ठाम शब्दांत माझी भूमिका मांडली. दोन समाजांच्या वेगळ्या चालीरीती. वयाची शोभा. लोक काय आदर्श घेतील. आवाज कुठेही चढला नाही. मला वाटतं, दोघांनाही पटलं, कारण आशागड येईपर्यंत कुणी बोललं नाही.

प्रकरण घरातल्या घरात मिटेल.

२ मार्च, सोमवार. सकाळी ८

लाल बटण नव्हतं ते. कॅमेरा पालटायचं बटण होतं.

लाईव्ह चालूच राहिलं. बावन्न मिनिटं. चित्र म्हणजे माझ्या खिशातला अंधार, पण आवाज स्पष्ट. निर्मलाताईंनी सकाळी दूध आणताना विचारलं, भाऊ, आता बरं वाटतंय ना. मला कळेना. मग त्यांच्या मुलाच्या फोनवर त्यांनीच लावून दाखवलं.

सकाळी १०.३०

दार लावून सगळं ऐकलं.

चालीरीतींबद्दल मी त्यात काही बोललेलो नाही. चारोटीच्या आसपास रेंज गेली होती, माझं संस्कृतीवरचं सगळं बोलणं नेमकं तिथेच गेलं असणार. उरलेल्यात मी दिपकला म्हणतो की तू माझ्या घरचा चहा प्यायलास. तीनदा म्हणतो. मग वासंतीला विचारतो, सकाळची गोळी कुठली आणि संध्याकाळची कुठली. डाळीत हिंग आधी की नंतर. मी आजारी पडलो तर. चार स्थळं का मोडली हेही मीच सांगतो, आणि चहाच्या आवाजाबद्दल काही म्हणत नाही. म्हणतो, ‘‘तू गेली असतीस तर मी घरी कुणाकडे आलो असतो?’’

त्यानंतर नाक शिंकरल्यासारखा आवाज आहे. तो टेम्पोच्या गिअरचा असावा.

 मग दिपक म्हणतो, ‘‘शांतारामभाऊ, आम्ही रविवारी येतच जाऊ.’’

 बावन्न मिनिटांत वासंतीचा आवाज एकदाच आहे. ‘‘मी विचारत नाहीये, दादा. सांगतेय. आणि तू यायचंयस.’’

सकाळी ११

अकरा हजार जणांनी ऐकलं आहे.

३ मार्च, मंगळवार. होळी

बारा फोन. एका पक्षाच्या तालुक्यातल्या मोठ्या माणसाचा फोन आला तेव्हा उभा राहून घेतला. शेवटी आले माझ्याकडे! त्यांना वासंतीचा नंबर हवा होता. महिला मेळाव्यात बोलवायचंय म्हणे. तासाभराने विरुद्ध पक्षाचा. त्यांना सुकीआत्या हव्या होत्या. त्यांनाही विचारलं की माझी भूमिका ऐकलीत का. म्हणाले, हो तर, आमच्या घरी सगळ्यांनी ऐकली, आई रडली.

वासंतीने पुरणपोळी केली. मी अर्धीच खाल्ली, निषेध म्हणून. दुसरी अर्धी तिने झाकून ठेवली होती, ती चारला खाल्ली.

१० मार्च, मंगळवार

असहकार सुरू. घरात फक्त कामापुरतं बोलणे. स्वतःचं जेवण स्वतः करणे. आज खिचडी केली. डब्यांवर चिठ्ठ्या असल्यामुळे अडलं नाही. चिठ्ठ्या तिने जानेवारीत लावल्या.

जानेवारीत. म्हणजे तेव्हाच ठरलं होतं. मी कुटुंब टिकलं पाहिजे म्हणून ओरडत होतो आणि ती माझ्यासमोर बसून मुगाच्या डब्यावर मूग लिहीत होती.

संताप येतो. कुणावर ते ठरवायचं आहे.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

गुढी वासंतीने उभारली, काठी मी धरली. कामापुरतं बोलणं यात बसतं. तिने लग्नाची तारीख सांगितली. १९ एप्रिल, रविवार, संध्याकाळी, पाड्यावर. मांडव त्यांच्या पद्धतीचा, पण एक गोष्ट तिला आपल्याकडची हवी आहे: नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो ती. आत्याला विचारून ठेवलंय, आत्या म्हणाली पिळू दे, आमच्यातही बघू.

मी तत्त्वाचा माणूस आहे, येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. तिने मान हलवली. म्हणाली, तुझा पांढरा शर्ट इस्त्रीला दिलाय.

तत्त्वाला इस्त्री लागत नाही, हे मला नंतर सुचलं. तेव्हा सुचायला हवं होतं.

५ एप्रिल, रविवार

महालक्ष्मीच्या जत्रेला दरवर्षी आम्ही दोघं जातो. यंदा मी एकटा गेलो. रांगेत तीन जणांनी ओळखलं. एका बाईने हातात प्रसाद ठेवला आणि म्हणाली, भाऊ, होईल सगळं नीट. दुसऱ्याने विचारलं, हिंग आधी की नंतर, कळलं का शेवटी.

प्रसिद्धी हवी होती. अशी नव्हती.

देवीपुढे हात जोडले तर मागायचं काय ते आठवेना. वासंतीचं भलं कर म्हटलं. सवयीने.

१२ एप्रिल, रविवार

निर्णय. लग्नाच्या दिवशी, त्याच दिवशी, मी एकट्याने लाईव्ह करणार. विषय: तत्त्वासाठी एकाकी पडलेला माणूस. तालुक्याला कळू दे की एक तरी खांब उभा आहे. फोन डब्यावर टेकवून ठेवता येतो, बघितलं. तूरडाळीचा डबा योग्य उंचीचा आहे. शंखाचा सराव रोज दहा मिनिटं.

१८ एप्रिल, शनिवार

सराव चालू. प्रगती आहे. आवाज अजून नाही, पण हवा जास्त वेळ टिकते.

वासंतीच्या खोलीत एकच पिशवी भरलेली दिसली. बाकी सगळं जागच्या जागी. आई-बाबांचे फोटो तिने पुसून ठेवलेत. मी दारात उभा होतो, तिने विचारलं, काही हवंय का दादा. म्हटलं, नाही, सहज.

सहज नव्हतं. काय हवं होतं ते मला बोलता आलं नाही, आणि मी म्हणे वक्ता.

१९ एप्रिल, रविवार. सकाळी ७.१५

गेली. पिवळी साडी. वाकून नमस्कार केला. मी डोक्यावर हात ठेवला, तो ठेवावाच लागतो. दिपक टेम्पोतून उतरला नाही, मान खाली घालून बसला होता. निर्मलाताई रडल्या. मी दारात ताठ उभा होतो. आवाज येईनासा होईपर्यंत.

सकाळी ९

भूक नाही. तत्त्वाने पोट भरलं आहे असं म्हणता येईल.

दुपारी १.३०

लाईव्ह केलं. लिहिणार नव्हतो, पण लिहितो.

तूरडाळीच्या डब्याला फोन टेकवला. शंख उचलला, पूर्ण ताकदीने फुंकला. फुस्स. पुन्हा फुंकला. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसं. आवाज सोडणारा फोन पाड्यावर आहे. सरळ भाषणाला सुरुवात केली. मित्रांनो, ज्या घरात. पुढे काय ते आठवेना. कागद समोर होता, चष्मा नव्हता. चष्मा कुठे आहे हे वासंतीला माहीत असतं. दोन मिनिटं मी नुसता डाळीच्या डब्याकडे बघत बसलो. त्यावर तिच्या अक्षरात लिहिलंय: धुऊन घेणे.

कोपऱ्यात आकडा दिसत होता, किती जण बघतायत त्याचा. एक.

एकाच माणसाने बघितलं. खरा डहाणूकर. अकरा हजारांतला एकटा तो आला, आज, रविवारी, भर दुपारी. मला भरून आलं. म्हटलं, साहेब, आपण कोण ते मला ठाऊक नाही, पण या घडीला आपल्याशिवाय माझं कुणी नाही.

मग कॉमेंट आली. फोन डोळ्यांजवळ धरून वाचली.

‘‘दादा, चष्मा फ्रिजवर आहे. सकाळची गोळी घेतली नसशील, घे. पांढरा शर्ट कपाटात डावीकडे. टेम्पो तीनला येतोय. हळद सुकायला लागली, कान पिळायला तू हवास.’’

दुपारी १.५०

चष्मा फ्रिजवर होता.

पहिल्यापासूनच्या सगळ्या कॉमेंट्स पुन्हा वाचल्या. कॉलर. पाणी. ताईंचं बरोबर आहे. लांबवली गेली. दर एपिसोडखाली आहे, एकही रविवार चुकलेला नाही. समोर बसून फोन धरायची, आणि मग आत जाऊन मला कुणीतरी ऐकतंय असं लिहायची. मी तिला वाचून दाखवायचो, आणि ती छान आहे म्हणायची.

मी ज्याच्यासाठी बोलत होतो तो तालुका म्हणजे एवढाच होता. भांडी घासत होता.

दुपारी २.२०

गोळी घेतली. सकाळच्या खणातली. शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी सापडली: १९ तारखेला हा घालणे. चिठ्ठीला इस्त्रीचा डाग पडलाय, म्हणजे शर्ट इस्त्रीला द्यायच्या आधीच लिहून ठेवली होती. पाडव्याच्या आत. मी नाही म्हणायच्याही आधी.

स्पष्ट नोंद: माझी मतं बदललेली नाहीत. विवाहसंस्था, परंपरा वगैरेंवर सविस्तर बोलेन कधीतरी. आज फक्त कान पिळायला जातोय, आणि कान पिळणं ही तर जुनी चाल आहे. त्या हिशेबाने मीच परंपरा पाळतो आहे.

जोरात पिळणार.

दुपारी २.५५

गल्लीत टेम्पोचा हॉर्न वाजला. निर्मलाताई साडी बदलून कधीच्या बाहेर उभ्या आहेत, त्याही येतायत. शंख पिशवीत घेतला आहे. तिला देऊन टाकतो. वाजवता तिलाच येतो.